आकडा आधी, घाव मागून

वीज गेली आहे, नीला, तेव्हा तो कंदील तुझ्याकडे ओढून घे आणि तिथेच बस, भिंतीला पाठ लावून. माझ्या खुर्चीजवळ नको. सकाळचे अकरा वाजलेत आणि अख्ख्या मुलुंडवर दिवेलागण झाल्यासारखं वाटतंय. सप्टेंबरातला पाऊस जाता जाता असाच अंगावर येतो.

मघाशी तू दोन गोष्टी बोललीस. एक म्हणजे, "मावशी, तुझी हाडं अशी एकसारखी कशी गं मोडतात?" तुझ्या आईला मी कॅल्शियमचं कारण सांगून ठेवलंय, तेच तिनं तुला सांगितलं असणार. दुसरी गोष्ट तू चहा पिता पिता सहज बोललीस. तुमच्या घाटकोपरच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ती शेवंती राहते, तिचा नवरा तिला मारतो, रोजची आदळआपट असते. पण चार दिवस झाले, घर एकदम शांत आहे. "सुटलो बाई एकदाचे," असं म्हणालीस. त्या वाक्यावर मी कप खाली ठेवला. हाडांची गोष्ट मी कुणालाच सांगणार नव्हते, पण तुझ्या त्या वाक्यासाठी सांगते. ऐक, आणि मधे बोलू नकोस.

तीन वर्षांपूर्वी, शहाऐंशी साली, मी एका प्रयोगशाळेत सहायक होते. नाव सोडून दे. पूर्वी देशोदेशींनी हवेत अणुबाँबच्या चाचण्या केल्या, त्याची धूळ वर्षानुवर्षं आभाळात फिरत राहते आणि पावसाबरोबर खाली येते. ती किती आली हे मोजणं आमचं काम. ठिकठिकाणी मोठ्या पराती उघड्यावर ठेवलेल्या असत. त्यात साचलेलं महिन्याभराचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचं, मंद आचेवर आटवायचं आणि तळाशी उरलेला चिमूटभर गाळ शिशाच्या जाड पेटीत ठेवून मोजायचा. त्या एप्रिलमध्ये रशियाकडे चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि आमचं काम दुप्पट झालं. इथे आलं ते अगदी नखभर, कुणाला त्याची बाधा होणार नव्हती. पण नखभर आलं हे सांगायलासुद्धा मोजावंच लागतं ना.

माझ्या वाट्याला बोरीवलीचं ठिकाण होतं. मागाठाण्याच्या पुढे, नॅशनल पार्कच्या कुंपणाला चिकटून, एक भिंतीचं आवार. आत परात, पाऊस मोजायची नळी, हत्यारांची पत्र्याची खोली आणि रखवालदाराचं दोन खणांचं घर. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तिथे जायची. रखवालदार दत्ताराम, मालवणकडचा, गिरणी सुटल्यावर इथे लागलेला. नोकरी त्याच्या नावावर होती, पण काम त्याची बायको जानकी करायची, कारण त्याला अक्षर ओळखीचं नव्हतं आणि ती सातवी शिकलेली. रोज सकाळी साडेआठला नळीतलं पाणी बघून ती वहीत आकडा लिहायची. गोल, टपोरं अक्षर. तिच्या पाचाला पोट जरा जास्तच सुटलेलं असायचं, त्यावरून मी तिला चिडवायची. मी गेले की ती आल्याचा चहा टाकायची. आलं इतकं घालायची की आवाराच्या फाटकापाशीच वास यायचा.

वर्षातून एकदा आम्ही मातीही घ्यायचो. वीतभर रुंदीचं, धारदार काठाचं पोलादी कडं जमिनीवर ठेवायचं, त्यावर लाकडाची फळी, आणि फळीवर घणाचे घाव. दोन बोटं खोल गेलं की तेवढी माती काढून पिशवीत भरायची, मग पुढची दोन बोटं. असं वीतभर खोल. मी कडं धरायची, दत्ताराम घण मारायचा आणि जानकी घाव मोजायची, कारण कुठल्या थराला किती घाव लागले ते तक्त्यात लिहावं लागतं. तिची एक पद्धत होती. आकडा आधी, घाव मागून. तिनं "एक" म्हटलं की मी बोटं काढायची, मग तो मारायचा. एका वर्षी त्यानं आकड्याची वाट न बघता मारलं आणि माझं नख काळंनिळं झालं. जानकी ताडकन उठली आणि माझ्यादेखत त्याला म्हणाली, "आकडो आधी." एवढंच. त्यानं मान खाली घातली. पुढच्या महिन्यात मी गेले तेव्हा तिच्या पुढच्या दाताचा तुकडा उडालेला होता. पायरीवरून पडले म्हणाली. त्या घराला पायरीच नव्हती.

हे मला दिसत होतं, नीला. आंधळी नव्हते मी. पण मी पाणी न्यायला जाणारी बाई. नवराबायकोत तोंड कशाला घाला, असं मी मनाला सांगायची.

शहाऐंशीच्या दोन जूनला गेले, तर तिच्या गळ्याभोवती बोटांचे वळ उठलेले. दत्ताराम नाक्यावर गेला होता. कॅन भरता भरता ती हळूच म्हणाली,

"बाई, हो एक दिवस माका मारून टाकतलो."

"असं बोलू नये, जानकी."

"मी दिसलंय नाय, तर तुमी विचारतलास मां?"

"कुणाला विचारायचं?"

"त्येकाच. 'जानकी खंय' इतक्याच विचारा. कोणतरी विचारणारा आसा, ह्या त्येका कळाक होया."

मी म्हटलं, "विचारेन." मग तिनं मला चहा दिला. मी वचन वगैरे दिलं असं तेव्हा मला वाटलंही नाही. बस चुकेल म्हणून घाईघाईनं म्हटलेला शब्द तो.

सात जुलैला गेले. पाऊस धो धो कोसळत होता. दत्तारामानं खिडकीतूनच वही पुढे केली. वही कोरी म्हणून मी आता ओरडणार, असा त्याचा चेहरा होता. मी पानं चाळली. सकाळपर्यंतच्या सगळ्या तारखा भरलेल्या होत्या, त्याच टपोऱ्या अक्षरात, पोट सुटलेल्या पाचांसकट. मी म्हटलं, "छान, सगळं लिहिलंय." तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, कौतुकाची सवय नसेल. चहाचा वास येत होता, चहा मात्र आला नाही. मी कॅन भरून निघाले.

चार ऑगस्टला तेच. वही भरलेली, जानकी नाही. दळणाला गेली असेल, पाणी भरत असेल. अक्षर दिसतंय म्हणजे माणूस आहेच, असा माझा हिशेब. मी विचारलं नाही.

एक सप्टेंबरला मातीचं काम होतं. माती घ्यायची जागा गेल्या वीस वर्षांत कुणी खणलेली नसावी असा नियम आहे; खणली की थर ढवळले जातात आणि मोजणं फुकट जातं. तसं रखवालदाराकडून तक्त्यावर लिहून घ्यावं लागतं. झाडाच्या थेंबांपासून आणि भिंतीपासून लांब अशी मोकळी जागा आवारात एकच होती, परातीच्या पलीकडची. तिथे गवत मस्त माजलं होतं. मी विचारलं, "इथे कुणी खणलंय का रे? अळूबिळू लावलंयत का?"

"नाय. हय कोणी हात लावूक नाय," तो म्हणाला, आणि मी न सांगताच त्यानं अंगठा पुढे केला.

नुसतं "होय, भाजी लावली होती" म्हणाला असता, तर मी सामान उचलून दुसऱ्या आवारात गेले असते. पण ज्याला लपवायचं असतं तो नको तिथे जास्त बोलतो. त्यानं अंगठा उठवला आणि मी नेमकी तिथेच कडं ठेवलं.

घण मारायला तो तयार होईना. "खांदो दुखता माझो," म्हणून दारात उकिडवा बसला. मीच पदर खोचला. घणाचा दांडा नवा होता, बाभळीचा, अजून रंधा न मारलेला. म्हटलं, "दांडा चांगला बसवलास."  कड्यावर पाय रोवून मी मारायला लागले, आणि सवयीनं मोठ्यानं मोजायला लागले. एक. ठक्. दोन. ठक्. जमीन पिठासारखी मऊ लागत होती. तिसऱ्या थराला मला जाणवलं, की माझ्याबरोबर आणखी कुणीतरी मोजतंय. माझ्या किंचित आधी. मी "चार" म्हणायच्या आत "चार" येऊन गेलेला असायचा. आवाज कानात नव्हता गं, तळपायातून वर येत होता. आणि गवतातून आल्याच्या चहाचा दाट वास येत होता. मी मोजणं थांबवलं. ते थांबलं नाही. आणखी दोन आकडे झाले, मग गप्प.

मागे वळून पाहिलं तर दत्ताराम भिंतीशी ओणवा होऊन ओकत होता.

वीतभर खोली झाली होती. नियम तेवढाच. आणखी वीतभर खाली गेले असते तर त्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं. पण मी पिशव्या बांधल्या, वही घेतली, आणि त्या दिवशीही विचारलं नाही. खरं सांगते, त्या दिवशी विचारायची भीती वाटली. पहिल्या दोन वेळा हयगय होती, तिसऱ्यांदा भीती. सात जुलै, चार ऑगस्ट, एक सप्टेंबर. तीन सोमवार. हे तीन नीट ध्यानात ठेव.

माती सुकवून, चाळून, बाटल्यांत भरून आम्ही पेटीत ठेवली. आठवड्यानं आमच्याकडचा अनंत कागद घेऊन आला. तो मोजायच्या यंत्रावर बसायचा, चेष्टेखोर माणूस. म्हणाला, "सुलक्षणाबाई, बाटल्यांच्या चिठ्ठ्या उलटसुलट चिकटवल्यात तुम्ही. वाट लावलीत माझ्या आठवड्याची."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. चेर्नोबिलची धूळ नवी, ती सगळ्यात वरच्या बोटभर मातीत असायला हवी. बोरीवलीच्या मातीत वर जवळजवळ काहीच नव्हतं, आणि एक वीत खाली मात्र ती भरपूर होती. धूळ एवढ्या खाली दोन-तीन महिन्यांत झिरपत नाही, त्याला माणसाचं आयुष्य जावं लागतं. मी बाटल्या पुन्हा मोजायला लावल्या. चिठ्ठ्या बरोबर होत्या. माती उलटी होती.

म्हणजे वरची माती खाली गेली होती. म्हणजे पहिले पाऊस पडून गेल्यावर, जूनच्या मध्यानंतर कधीतरी, कुणीतरी तिथे खड्डा खणला होता आणि बुजवला होता. आणि दत्तारामानं अंगठा दिला होता, की हात लावलेला नाही.  वही काढली. जून, जुलै, ऑगस्ट, रोजचा आकडा, रोज तेच अक्षर. अनंतला म्हटलं, सांताक्रूझच्या वेधशाळेचे पावसाचे आकडे आण. ताडून पाहिले. धो धो पावसाचे आणि उघडिपीचे दिवस जुळत होते. बसल्या जागी मनानं लिहिलेले नव्हते ते. कुणीतरी रोज साडेआठला त्या नळीत डोकावत होतं.

पोलिसांकडे का गेले नाही, असं तुझ्या मनात येईल. काय सांगणार होते? माती उलटी आहे आणि बाई वही लिहिते आहे? आणि खरं तर मला पोलिसांकडे जायचंच नव्हतं. मला विचारायला जायचं होतं. एवढंच तर मागितलं होतं तिनं.

पंधरा सप्टेंबर, सोमवार. गणपती बसलेले होते. आजच्यासारखाच पाऊस, आणि भर दुपारी असाच काळोख. मी फाटक ढकलून आत गेले तेव्हा बारा वाजत आले होते. दत्ताराम दारात बसला होता, दाढी वाढलेली, पुढ्यात बाटली. मी छत्री मिटली नाही. आवाराच्या मधोमध उभी राहून विचारलं,

"दत्ताराम, जानकी कुठे आहे?"

त्यानं बाटलीला बूच लावलं. मग म्हणाला, "गावाक गेली. गणपतीक."

"आणि तू मालवणी माणूस गणपतीत मुंबईत?"

"रजा नाय गावली."

"मग वही कोण लिहितंय?"

"ह्या तुमीच लिवतास मां... हापिसात."

"मी नाही लिहीत. हे जानकीचं अक्षर आहे."

त्याच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "माका खंय वाचूक येता," तो पुटपुटला. खिडकीत या महिन्याची वही पडली होती. मी ती उघडून वाचून दाखवली. कालची तारीख, साडेआठ, इतका पाऊस. आणि खाली आजची तारीख, साडेआठ. त्या ओळीवर माझा अंगठा पडला आणि शाई पसरली. शाई ओली होती, नीला.

मी पुन्हा विचारलं, "जानकी कुठे आहे?"

तो उठला. खोलीच्या दाराआडून त्यानं घण कधी काढला ते मला दिसलंच नाही. पहिला घाव मी छत्री आडवी धरली म्हणून डोक्यावर न येता डाव्या हातावर आला. हाड मोडतं तेव्हा आधी आवाज येतो, दुखणं मागून येतं. मी चिखलात पडले. त्यानं मला मोडक्या हातानंच धरून ओढत त्या गवतावर नेलं. मी ओरडत होते, पण त्या पावसात आणि त्या जंगलाशेजारी कोण ऐकणार. त्याचा गुडघा माझ्या पोटावर होता, तोंडाला दारूचा भपकारा. दोन्ही हातांनी घण डोक्यावर उचलला आणि तो रडायला लागला. लहान पोरासारखा हुंदके देऊन रडत होता.

"मोजू नको," तो म्हणाला. "बाई... तुमी मोजू नकात."

मी मोजत नव्हते. 

"ती मोजी होती... मी मारी होतंय, नि ती मोजी होती. आकडो आधी... सातापर्यंत मोजल्यान. मगे गप झाली."

घण खाली येणार, एवढ्यात माझ्या पाठीखालच्या जमिनीतून कुणीतरी स्वच्छ आवाजात म्हणालं,

"आठ."

त्याचे हात वरच थिजले. चहाचा वास इतका आला की मला श्वास घेता येईना. त्यानं मला लाथेनं बाजूला लोटलं आणि घण त्या गवतावर घातला, जिथून आवाज आला तिथे. चिखल माझ्या तोंडावर उडाला.

"नऊ."

त्यानं पुन्हा मारलं. दहा. अकरा. तो आकड्याच्या आधी मारायची धडपड करत होता, ते मला दिसत होतं. आवाज गप्प करायला तो घाई करत होता, पण दर वेळी आकडा आधी यायचा आणि घाव मागून. गवत फाटलं, माती उसळायला लागली, खड्डा पडला. तो घोट्यापर्यंत आत रुतला. चौदाव्या घावाला घण त्याच्या स्वतःच्या पायावर बसला. मला हाड दिसलं. मी आयुष्यात तसली किंकाळी ऐकली नाही. मला वाटलं, आता थांबेल. जमिनीतून आकडा आला, "पंधरा," आणि त्याचे हात वर गेले. त्याला नको होतं ते. तो माझ्याकडे बघत होता, मान नाही नाही म्हणून हलत होती, आणि हात मारत होते. पंधरावा गुडघ्यावर. सोळावा... सोळावा मी पाहिला नाही, मी डोळे मिटून घेतले. फक्त ऐकला.

"सतरा" म्हणताना आवाजात घाई नव्हती, राग नव्हता. तक्ता भरताना ती जशी मोजायची तशीच मोजत होती.

त्यानंतर नुसता पाऊस. मी डोळे उघडले तेव्हा दत्ताराम त्या खड्ड्यात पालथा पडला होता आणि त्याच्या डोक्याला डोक्याचा आकार राहिला नव्हता. त्यानं उकरलेल्या मातीतून एक हात कोपरापर्यंत वर आला होता. त्यात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या होत्या. बाकीच्या फुटल्या असाव्यात.

पोलिसांनी लिहिलं, दारूच्या नशेत बाईवर हल्ला केला, मग वेड्याच्या भरात स्वतःला मारून घेतलं. जानकीच्या हाडांवर सात जुने घाव सापडले. त्यांच्या डॉक्टरनं ती जूनच्या शेवटी गेली असं सांगितलं. वही त्यांनी पंचनाम्यात घेतलीच नाही. कुणाला ती कामाची वाटली नाही.

मी पुष्कळ दिवस विचार करत होते, की तिनं ती वही का लिहिली? तिनं लिहिली नसती तर कोरी पानं बघून मी सात जुलैलाच विचारलं असतं. मग कळलं. तिनं मला फसवलं नव्हतं. ती तिचं काम करत होती. विचारायचं काम माझं होतं.

सत्त्याऐंशी साली सप्टेंबरातल्या तिसऱ्या सोमवारी मी प्रयोगशाळेत बसले होते. हात जुळून आला होता. दुपारी बाराला माझ्या खुर्चीखालून कुणीतरी म्हणालं, "एक." मी टेबलावर नुसता हात टेकला होता. तो त्याच जागी मोडला, हाड कातडीबाहेर आलं. अनंत समोर होता. त्याला मोडल्याचा आवाज ऐकू आला, आकडा नाही. मी नोकरी सोडली. गेल्या वर्षी, तिसऱ्याच सोमवारी, इथे याच खुर्चीत "दोन" ऐकलं आणि उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, कुणी हातोडा मारल्यासारखा चुरा झालाय.

तीन सोमवार मी विचारलं नव्हतं. आज पुन्हा तिसरा सोमवार, आणि पाळी तीनची, म्हणून तुला लांब बसवलं. भीती वाटते, नाही कशी म्हणू. पण तिचा राग येत नाही. बारा वाजतील, आकडा येईल, घाव येईल, आणि माझा तक्ता पूर्ण होईल. मी सकाळपासून वाट बघते आहे.

थांब, घोटभर पाणी पिऊ दे.

काय झालं? अशी काय बघतेस माझ्याकडे? मी काही बोलले नाही. मी पाणी पीत होते... कुणी म्हणालं? भिंतीतून? मला तर काहीच ऐकू आलं नाही गं. दर वर्षी मला येतं. आजचा तीन माझा आहे, तो तुला कसा...

तीन नाही? मग काय ऐकलंस? नीट आठवून सांग.

"एक"?

नीला, ऊठ. हा एक माझ्या तक्त्यातला नाही, तुझा आहे; तूही अजून विचारलेलं नाहीस. त्या भिंतीपासून आधी लांब हो. ती छत्री घे, पाऊस असू दे, रिक्षा बघ आणि सरळ घाटकोपरला जा. वर आपल्या घरात जाऊ नकोस, खालच्या मजल्यावर जा, शेवंतीच्या नवऱ्याचं दार वाजव आणि विचार. एकटी जाऊ नकोस, शेजारपाजारच्या चार जणांना बरोबर घे, पण विचार तू. शेवंती कुठे आहे, एवढंच. चार दिवस झाले म्हणालीस ना? पळ. आकडा पडलाय, घाव अजून यायचाय.